आत्म्याचा राउंड

३ फेब्रुवारी
कालच्या पवईच्या वर्कशॉपने डोळे उघडले. शेवटच्या पेशंटला औषधापेक्षा अध्यात्म हवं असतं. उद्यापासून राउंडमध्ये थोडा वेळ आत्म्यासाठी. अख्ख्या मुलुंडमध्ये असा डॉक्टर मीच. मानसीला सांगितलं. ती म्हणाली, जेवून घे. बायकोला या गोष्टी उशिरा कळतात.

४ फेब्रुवारी
सुरुवात धोंडिराम साळवेंपासून. राहणार गोवंडी, लिव्हरचा कॅन्सर, आता करण्यासारखं काही नाही. खुर्ची ओढून बसलो. म्हणजे टेकलो, ओपीडी तुंबलेली. आत्मा अमर असतो, हे समजावलं. ते म्हणाले, डॉक्टर, आम्ही बौद्ध, आत्मा मानत नाही. मग विचारलं, पोराला मस्कतहून बोलवून घेऊ का? मी म्हणालो, वेळ कुणाच्या हातात असते? गप्प झाले. शांती लाभली असावी.

६ फेब्रुवारी
आज मोबाईलवर बुद्धवंदना लावली. डॉक्टरने लवचिक असावं. मध्येच फ्लॅटची जाहिरात लागली. धोंडिराम हसले, मग खोकतच राहिले. बाहेर त्यांच्या बायकोने, शकुबाईंनी गाठलं. म्हणाल्या, खरं सांगा ना डॉक्टर, पोराला, प्रितमला, सुट्टी एकदाच मिळणार, आता बोलवू की थांबू? म्हटलं, पॉझिटिव्ह राहा. तोंडावर सांगून आशा कशाला मारायची? वर्कशॉपमध्ये हे शब्द नव्हते, पण भावार्थ तोच.

८ फेब्रुवारी
ते बोलत नाहीत आता. ध्यान लागल्यासारखे वाटतात. सिस्टर म्हणाली, सर, ग्लानी आहे. असो.

९ फेब्रुवारी
राउंड राहिला. ठाण्यात माझं भाषण होतं, 'मृत्युशय्येशी संवाद'. साळवेंचीच केस सांगितली. टाळ्याच टाळ्या! एका बाईंनी डोळे पुसले. खाली उतरलो तर हॉस्पिटलचे चार मिस्ड कॉल. साळवे गेले. मी त्यांच्याबद्दलच बोलत होतो तेव्हा. याला योगायोग कसं म्हणायचं?

१० फेब्रुवारी
प्रितम आला, एअरपोर्टवरून थेट. बॅग खांद्यालाच. भांडेल वाटलं, मी तयारीत होतो. पण हात जोडून म्हणाला, आई काही बोलतच नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्ही बाबांजवळ बसायचात ना? माझं नाव काढलं का त्यांनी?
मी म्हणालो, तसं काही बोलले नाहीत. शांत होते.
खरं सांगून त्याचा काय फायदा झाला असता?
तो पॅसेजमध्ये तसाच उभा राहिला. मी जिन्याने उतरलो.