राहतं घर

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र एका उलट्या होडीवर बसून लिहितोय. इथं होड्या रंगवायचं काम मिळालंय. बुडाला डांबर, वर निळा. आता निळ्यातही इतके प्रकार असतात की... जाऊ दे, मुद्दा राहील.

मुद्दा असा, की तुझ्याकडे पोलीस येणार आहेत. घाबरू नकोस. मागे मी ज्या घड्याळजींकडे होतो, त्यांचं माणसाएवढं लंबकाचं घड्याळ गायब आहे, आणि त्याच दिवसापासून मीही गायब. त्यांनी तक्रार केली, कोर्टानं झडतीचं वॉरंट काढलं. तिथल्या सोबत्यानं कळवलं. कामाला लागताना घरचा पत्ता म्हणून तुझाच दिला होता. मी सगळीकडे तोच देतो.

चोरी केलेली नाही, तुझी शपथ. हातगाडीवरून घड्याळ पोचवायला गेलो, तर गिऱ्हाईक लेकीकडे परगावी गेलेलं. खाली न्हाव्याचं दुकान होतं, त्याच्याकडे ठेवलं. उभं केलं, चालू केलं, टोले ऐकले. बाहेर आलो तर मिठाचा ट्रक उभा. ड्रायव्हरनं विचारलं, समुद्र बघितलायस का, आणि मी चढलो. मालकांना कळवलंय असं मला पक्कं वाटत होतं. बहुतेक मनातल्या मनातच कळवलं. आता खरंच लिहिलंय त्यांना.

शेजारच्या खोलीत वकिलीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणारा एकजण आहे. तो म्हणतो, आधी कागद वाचून घ्यायचा. पत्ता आपलाच का, सही-शिक्का आहे का, आणि शोधायचंय काय. जे लिहिलंय तेच शोधायचं, आणि ते मावेल तिथंच. आजूबाजूचे दोघं साक्षीला हवेत, तू समोर हवीस. काही नेलं तर यादीची प्रत मागून घे. वाद घालू नकोस.

आणि मुख्य म्हणजे, कागदावर ते माझं राहतं घर असं असणार. तू दारातच सांग, की तो इथं राहत नाही, चार वर्षांत एक रात्र झोपलेला नाही. खरंच आहे ते. मग साहेबांना आधी कोर्टाला विचारावं लागेल, असं याचं म्हणणं. तिसऱ्यांदा बसतोय, तरी. निदान ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकांसमोर तुझी शोभा व्हायची नाही.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा,
भिरभिऱ्या

११ मार्च

चि. भिरभिऱ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र सकाळी आलं आणि दुपारी पोलीस. एक साहेब, दोन शिपाई. मी चष्मा शोधून अख्खा कागद उंबऱ्यावर उभी राहून वाचला. न्हाव्याचंही सांगितलं. साहेब म्हणाले, तिकडच्या ठाण्याला कळवतो, पण कागद निघालाय म्हटल्यावर घर बघावं लागेल.

साक्षीला समोरच्या नर्सबाई आणि वरचे पेन्शनर आजोबा. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, तेवढ्यासाठी सगळे खोळंबले. धाकट्या शिपायानं माझा बटणांचा डबा उघडायला घेतला, तेव्हा मी विचारलं, माणसाएवढं घड्याळ यात कसं मावायचं? साहेब हसले, त्यानं झाकण लावलं. मग कपाट पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, आणि तुझी खोली. कॉटवर धुतलेली चादर, उशीला नवा अभ्रा. ही कोणाची, म्हणाले. त्याची, म्हटलं.

काही सापडलं नाही, तसं लिहून प्रत दिली. घड्याळ न्हाव्याकडेच निघालं. तो म्हणे सोडायला तयार नाही, टोल्यांच्या नादात गिऱ्हाईकं खोळंबा विसरतात. घड्याळजी तक्रार मागे घेणार आहेत. ब्लाउज टाकायला आलेल्या दोघी त्या दिवशी जिन्यातूनच परत फिरल्या. काल आल्या. मापं देताना सगळं खोदून खोदून विचारलं, तेवढं चालायचंच.

तू सांगितलेलं शेवटचं मात्र मी बोलले नाही. साहेबांनी विचारलं होतं, हे त्याचं राहतं घर ना? तोंडाशी आलं होतं. नर्सबाईंना सगळं माहीत, पण त्याही भिंतीकडे बघत राहिल्या. घर तुझं नाही असं चार माणसांत कोणत्या तोंडानं सांगू? झडती परवडली.

जेवत जा. पत्ता धरून ठेवलास, तशी आठवणही ठेव.

तुझी,
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र होडीवर बसून वाचलं आणि उठलो तर विजारीला निळा रंग. निघायचा नाही म्हणतात. तू काढशील.

होडी अर्धी राहिलीय. पण या वेळी मालकांना तोंडानं सांगून निघतोय. आधी घड्याळजींपुढे कान धरतो, ते घड्याळ पाठीवरून आणून देतो म्हणतो, मग तुझ्याकडे. वाटेत कुठलाही ट्रक उभा दिसला तरी चढणार नाही. तुझ्या गावाला जाणारा असला तर गोष्ट वेगळी.

रविवारी दार ठोठावीन. माझ्याकडे कागद नाही, शिक्का नाही, साक्षीला कोणी नाही. तरी उघड. आणि त्या चादरीची घडी आता मोडणार, बघ.

लोभ किती आहे ते त्या अभ्र्यावरून कळलं, वेगळा मागत नाही.

तुझा,
भिरभिऱ्या