चादरीपुरते दांपत्य

आयसेलिन, न्यू जर्सी
३ मार्च २०२५

चि. केदार यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्यामागोमाग एक तक्रार.

परवा तू कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलेस की, मनोहरआजोबांचे पहिले लग्न १९६३ साली लंडनमध्ये झाले होते आणि पुराव्यादाखल चित्रपटही जोडलास. एका वाक्यात तीन चुका. साल १९६१. गाव लीड्स. आणि लग्न झालेच नव्हते.

तो वीस मिनिटांचा कृष्णधवल माहितीपट आहे. त्या काळी इंग्लंडात असे माहितीपट पुष्कळ निघत: खाणकामगार, टपालवाले, गिरणीतली जेवणाची सुट्टी. हा सार्वजनिक लाँड्रीवर होता. साध्या माणसांचे साधे जगणे दाखवावे, हा हेतू. परंतु कॅमेरा अवजड, दिवे प्रखर, म्हणून ते साधे जगणे पुन्हा पुन्हा करून दाखवावे लागे. ठरलेला बसचालक आणि त्याची पत्नी त्या दिवशी आलीच नाहीत. दिग्दर्शकाने सभोवार पाहिले. कोपऱ्यात मी, यंत्रांच्या कारखान्यातला शिकाऊ उमेदवार, आणि नीलांबरी नावाची एक अनोळखी परिचारिका, असे दोघे धुलाईयंत्रावरून मराठीत कडाक्याने भांडत होतो. भाषा त्यांना कळली नाही, सूर कळला. त्यांनी आम्हांला नवराबायको ठरवून टाकले. माझ्याच पिशवीतली चादर उलगडून दिवसभर आम्हांला तिची घडी घालायला लावली. मागाहून निवेदकाने आमच्यावर ‘हे सुखी जोडपे’ असे शब्द चिकटवले.

तू गंमत केलीस, हे मी जाणतो. परंतु राधिका, तुझी आत्या, जिच्या घरी मी राहतो, ती माझ्याशी बोलेनाशी झाली आहे. चहा समोर येतो, शब्द येत नाही. दर रविवारी तिची आई आणि मी जशी चादरीची घडी घालत असू, टोकाला टोक, दोन पावले पुढे आणि एक झटका, नेमकी तशीच घडी त्या चित्रपटात आहे. मालिनी जाऊन चार वर्षे झाली. राधिका म्हणाली, लग्न खोटे असेल, पण घडी तर खरी आहे. मग आईच्या वाट्याला तुम्ही दुसरीचीच घडी दिलीत का? मी ती त्या बाईंकडूनच शिकलो, असे खरे सांगितले, तेव्हा प्रकरण अधिकच चिघळले.

काडी तू लावलीस. आता पाणीही तूच आण. बाईंचा पत्ता शोध.

लोभ आहेच, वाढवावा की कसे, ते तुझ्या उत्तरावरून ठरवीन.
मनोहरआजोबा


रेडमंड
११ मार्च

ती. आजोबांना,
शिरसाष्टांग नमस्कार. या वेळी खरोखर साष्टांग, कारण चूक माझीच आहे.

पेननं पत्र लिहितोय, कारण ईमेलला तुम्ही रिप्लाय करत नाही. आधी राधिकाआत्याला फोन केला. तिनं एवढंच विचारलं की तिकडे पाऊस आहे का. आजोबा, इकडे नोव्हेंबरपासून पाऊसच आहे, हे तिला माहीत आहे. म्हणजे माझ्यावरही चिडलीय.

गुड न्यूज मात्र आहे. त्या फिल्मखाली नेत्रा नावाच्या मुलीनं कॉमेंट टाकली होती की चादर खेचणारी बाई तिची आजी आहे. समोरचा माणूस कोण, ते आजी सांगत नाही, नुसती हसते. नेत्रा सनीव्हेलला चिप डिझाइन करते. आजी तिच्याकडेच राहतात आणि एकदम फिट आहेत. पत्ता मागे लिहिलाय. नेत्राशी मी दोनदा बोललो. एकदा पत्त्यासाठी, एकदा कन्फर्म करायला.

रागवा, पण थोडंसंच.
केदार


आयसेलिन
२० मार्च

श्रीमती नीलांबरीबाई यांस,
स. न. वि. वि.

साठाहून अधिक वर्षांनी लिहितो आहे. विलंबाबद्दल क्षमा असावी. लीड्सच्या लाँड्रीत आपण एक दिवस माझ्या पत्नी होतात, हे आपणांस स्मरत असेल. त्यामुळे माझ्या मुलीचा गैरसमज झाला आहे. आपला विवाह झालेला नव्हता, आणि त्या दिवसानंतर आपली भेटही झाली नाही, अशा अर्थाच्या दोन ओळी आपण तिला लिहाल, तर या घरात पुन्हा बोलणे सुरू होईल. मी शहाऐंशी वर्षांचा आहे. अबोल्यासाठी माझ्यापाशी फार सवड नाही.

जुना वाद उकरण्याचा हेतू नाही. तरीही यंत्र आधी माझे होते, एवढे नोंदवून ठेवतो.

आपला स्नेह त्या दिवसापुरता होता. तो पत्रापुरता वाढवावा, ही विनंती.
मनोहर


सनीव्हेल
२ एप्रिल

श्री. मनोहरपंत यांना,
नमस्कार. पत्र वाचून इतकी हसले की नेत्रा मीटिंग सोडून धावत आली.

यंत्र माझंच होतं. तुम्ही माझा ओला गणवेश यंत्रातून काढून टोपलीत टाकलात आणि वर त्याच टोपलीवर बसलात. म्हणून मी ओरडले. चादरही माझीच. शूटिंग संपल्यावर ती तुम्ही ऐटीत बगलेत मारून चालते झालात. निळ्या काठाची होती. तिचं पुढं काय केलंत?

तुमच्या मुलीला मी दोन ओळी लिहिणार नाही. मी आयुष्यभर नर्स होते. दुखणं टपालानं तपासत नाहीत. मी येते. ती घडी काही माझी नाही, आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी प्रत्येक शिकाऊ नर्सला घोटून शिकवली होती. पण हे तोंडी सांगून तिला पटायचं नाही, हातात चादर हवी. तिकिटं कुणी केदार काढतोय. हा मुलगा आमच्याकडे रोज फोन करतो आणि माझी तब्येत सगळ्यात शेवटी विचारतो.

लोभ असावा, आणि चादर असली तर तीही.
नीलांबरी


आयसेलिन
८ मे

चि. केदार यास,
आशीर्वाद. या वेळी तक्रार लहान आहे.

‘आजोबांची मिसेस आली’ असे तू गटावर लिहिलेस, ते मागे घे. काय घडले, ते मी लिहितो.

बाई शनिवारी आल्या. राधिकाने त्यांचे स्वागत इतके शिस्तशीर केले की मलाच थंडी वाजली. रविवारी सकाळी बाईंनी विचारले, घरातली सर्वांत मोठी चादर कुठे आहे? राधिकाने ड्रायरमधून काढून दिली. मी सवयीने पुढे झालो. बाईंनी मला बाजूस सारले आणि दुसरे टोक राधिकाच्या हाती दिले. मी काठावरून सूचना देऊ लागलो. दोघींनी एकदमच मला गप्प राहण्यास सांगितले. नऊ आठवड्यांनंतर राधिका माझ्याशी बोलली, ती अशी.

टोकाला टोक, दोन पावले, झटका. घडी झाली, आणि राधिकाने ती उचलून क्षणभर गालाला लावली, मग खाली ठेवली. बाई थबकल्या. त्यांनी विचारले, हे कुठले? मेट्रनबाईंनी असे काही शिकवले नव्हते. अंगाला लावलेली चादर त्यांनी परत धुवायला टाकली असती. राधिका म्हणाली, घडी अशीच घालतात, आई अशीच घालत असे.

आम्ही तिघांनी चित्रपट पुन्हा पाहिला. गाल कोठेही नाही. मालिनी माझ्या हातून घडी घेई आणि गालाला लावी, ऊब उरली आहे का पाहायला. हे मी हजारदा पाहिले होते. घडीत कधी मोजले नव्हते. राधिका रडली, नंतर बाईंनी टोपलीची हकिकत सांगितली तेव्हा हसता हसता जमिनीवर बसली. मग तिने मला विचारले, चहात साखर किती?

आता तुझ्या गटावर पुढील तारखा जशाच्या तशा टाकाव्यात.

१४ ऑक्टोबर १९६१: चित्रीकरण, लीड्स. यंत्र कोणाचे, हा वाद चालू आहे.
२७ मे १९६६: मालिनीशी माझा विवाह, पुणे. तू ‘दुसरा’ लिहिलेस, तो पहिला.
१९६९: राधिकाचा जन्म. निळ्या काठाच्या चादरीची मालिनीने दुपटी शिवली. चादर बाईंची होती, हे मी मान्य केले आहे.
४ मे २०२५: घडी, राधिका आणि नीलांबरीबाई यांच्या हातून.
११ मे: तू आणि नेत्रा येथे जेवायला येत आहात. कशाची खात्री करायला, ते मी विचारलेले नाही.
१२ मे: नीलांबरीबाईंचे परतीचे विमान. ही तारीख चुकीची आहे. राधिकाने काल ती रद्द केली.

लोभ वाढवला आहे.
मनोहरआजोबा