फायलींची काव्यमय नावं

४ जून २००७
टक् टक् टक्. लामता गावी मी मास्तर असताना शाळेत चादर बांधून सिनेमा दाखवायचे, त्या यंत्राचा आवाज. आज दुपारी तोच कानी आला. डोळे भरले. सौ. आनंदी म्हणाली, "रडता काय? डीव्हीडी अडकली." आणि उठून शेजारी तेजरामकडे गेली. त्याने आपल्या सगळ्या डीव्हीडी कम्प्युटरात भरल्यात. तिथे पिक्चर अडकत नाही म्हणे.
मला हेवा अजिबात वाटत नाही.

५ जून
मुलाचा जुना कम्प्युटर पुसला. संकल्प: आपलेही सगळे सिनेमे त्यात उतरवणे. आठवड्यात आनंदी घरी.

९ जून
एका सिनेमाला अख्खी दुपार. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आनंदी म्हणते, तेजरामभाऊंना विचारा. मेलो तरी नाही! तो उकव्याच्या खाणीत हजेरी मांडायचा. मी आयुष्यभर कविता शिकवली.

१३ जून
तेजराम फायलीला नुसतं पिक्चरचं नाव देतो. रुक्ष माणूस. मी, सिनेमा उतरताना माझ्या मनात जो भाव उठेल, तेच नाव देणार. आजची फाईल: 'व्याकूळ सांज'.

२१ जून
'हुरहुर', 'सांज-व्याकूळ', 'पुन्हा हुरहुर'.
आनंदी आता चहाही तिकडेच घेते. म्हणाली, तेजरामभाऊ पिक्चर पाहून रडतात, मग मीही रडते. माझ्यासोबत कधी रडली नाही. (रडली, पण पिक्चर चालू नव्हता.)

२ जुलै
फत्ते! आता डीव्हीडी कशाला? कबाडीवाल्याला देऊन टाकल्या.

३ जुलै, दुपार
आनंदीला मानाने बसवलं. शेंगदाणे भाजले. तिला तो आंधळ्या बहिणीचा सिनेमा हवा होता. 'हुरहुर' लावली: मारामारी. 'पुन्हा हुरहुर': तिच्या भाच्याचं लग्न. 'व्याकूळ सांज': वेगळी मारामारी. आनंदीने शेंगदाणे पदरात घेतले. "तेजरामभाऊकडे पिक्चरले पिक्चरचंच नाव असते," म्हणाली अन् गेली.

थोड्या वेळाने
कडी वाजली. आली परत! येणारच होती. केस सारखे केले, दार उघडलं.
तेजरामची बायको, तुळसाबाई. काखेत उशी. आजवर आमच्या दारात न आलेली बाई.
म्हणाली, "तिकडं दोघंबी रडून राह्यले, गुरुजी. माह्या डोळ्याले डोळा लागत नाही. तुमच्या इथं पिक्चर सापडतच नाही म्हणे. मंग सामसूम असंन. पडू काय घडीभर?"