कोरी दुनळी

२० सप्टेंबर, शनिवार
टूनगॅबीहून सकाळी निघालो. पुढे ट्रेनमधून डाव्या हाताला सारखा समुद्र दिसत होता, त्यामुळे वॉलॉंगॉंग कधी आलं कळलं नाही. चंद्रहासकाका स्टेशनवर घ्यायला आले होते. ते पोर्ट केम्बलाच्या कारखान्यातून रिटायर झाले आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून घरात हाताशी कोणीतरी हवं होतं. मयूराताईने माझं नाव सुचवलं. माझा डिप्लोमा अर्धा राहिला हे तिने आधीच सांगितलेलं दिसलं, कारण कोणी विचारलं नाही. सुनेत्राकाकूंनी मला डोंगराकडची खोली दिली. खिडकीखाली कढीपत्ता आहे. काकू म्हणाल्या, इथे हा जगवायला त्यांना सात हिवाळे लागले. मला इथे आवडेल असं वाटतं.

२४ सप्टेंबर, बुधवार
माझं मुख्य काम कळलं. काका जुन्या बंदुका जमवतात. लायसन्स त्यांचं, तिजोरीची किल्लीही त्यांच्याच गळ्यात. मी त्यांच्यासमोर बसून फक्त पुसतो. सळईला चिंधी गुंडाळायची, नळीत एकदाच सरळ फिरवायची, मग तेलाचा हात. घरात एकही काडतूस नाही.
सगळ्यात सुंदर दुनळी आहे. शंभर वर्षांपूर्वी घडवलेली, आणि आजवर एकदाही न उडवलेली. काका तिला ‘कोरी’ म्हणतात. काकूंना ते पटत नाही. जेवताना त्या म्हणाल्या, लग्नातली पैठणी नुसती घडी घालून ठेवली तर घडीवरच फाटते. बंदूकही चालवावी, नाहीतर देऊन टाकावी. काका हसून म्हणाले की एकदा उडवली की ती इतर हजार बंदुकांसारखी होईल. हा वाद बराच जुना असावा. दोघांनाही पुढचं वाक्य पाठ होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार
आज खंडेनवमी. शस्त्रांची पूजा झाली. कोहळा आणायचं काम माझं होतं. इंडियन दुकानात तो संपला होता, म्हणून सुपरमार्केटमधून भोपळा घेतला. इथे तो अर्धा चिरून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच मिळतो. काका म्हणाले, चालेल. काकूंनी मात्र भोपळा उलटसुलट करून पाहिला. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाल्या की कोहळा अख्खा ठेवून शस्त्रासमोर कापायचा असतो, तोच त्याचा वाटा. आधीच चिरलेल्यात शस्त्राला काय मिळणार?
मी विचारून घ्यायला हवं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
काल पूजेनंतर दुनळीचं हळदकुंकू पुसून मी ती स्वच्छ करून ठेवली होती. आज तिजोरी उघडली तर बंदुकीच्या दारूचा वास आला. नळीतून चिंधी काळी निघाली. काका म्हणाले, जुनं तेल असेल. मी पुन्हा स्वच्छ केली.
हिरवळीवर एक गलाह, म्हणजे इथला काकाकुवा, मरून पडला होता. त्याच्या गुलाबी छातीत छर्रे होते. काल कोणीच काही ऐकलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
चिंधी रोज काळी निघते आणि मी रोज स्वच्छ करतो. परवा दोन मॅगपाय पक्षी मेले. आज कुंपणाशी वॉलबी, छोट्या कांगारूसारखी, मरून पडली होती. मी काकांना दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या. ते चिंधीकडे बघेनात. म्हणाले, बाहेर बोलू नकोस, कोरी ती कोरीच आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार
शेजाऱ्यांची मोठी कुत्री, मॉली, मेली. काकू तिला पोळी घालायच्या. त्या व्हरांड्यात बसूनच राहिल्या. मग आत येऊन काकांना म्हणाल्या, “त्या कोरीला एकदा नेमबाजीच्या रेंजवर नेऊन उडवा. तिचं तिला मिळू दे.”
“शंभर वर्षं कोणी उडवली नाही, सुनेत्रा. ती मी उडवू?”
“ती उडतेच आहे. तुम्ही फक्त या पोराकडून पुसून घेता.”
तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पुसतो म्हणून ती पुन्हा कोरी होते. कोरी झाली की तिला पुन्हा काहीतरी लागतं, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठं.

८ ऑक्टोबर
पुसायला नकार दिला. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम अर्धं ठेवलं आणि बरं वाटलं.

९ ऑक्टोबर
आज काहीही मेलं नाही. नळी काळी आहे आणि शांत आहे, पोट भरल्यासारखी. संध्याकाळी काका अखेर तयार झाले. शनिवारी रेंजवर नेणार. काकूंनी शिरा केला. ताईला फोनवर सांगितलं की सगळं ठीक आहे.

१० ऑक्टोबर, सकाळ
बैठकीतून तेलाचा वास. धावत गेलो. काका एकटेच, दुनळी मांडीवर, शेजारी काळ्या चिंध्या — शेवटची मात्र पांढरीशुभ्र. म्हणाले, पहिला बार उडवायचा तर स्वच्छ नळीतून उडवू, तेवढा तिचा मान. मी ओरडलो. त्यांनी शांतपणे दुनळी आत ठेवून तिजोरी लावली. किल्ली गळ्यात.

काकूंना सांगायला हवं. घरात नाहीत.

खिडकीखाली आहेत. कढीपत्ता खुडतायत. हाक मारली, ऐकू गेलं नाही. घरात आम्ही तिघंच —

दारूचा वास. तिजोरी बंद आहे, मी स्वतः ओढून पाहिली, तरी —

काकूंनी वर पाहिलं. त्या ठीक आहेत. त्या ठीक आहेत. हातातली पानं खाली पडली. त्या माझ्या छातीकडे का बघतायत, शर्ट तर आज सकाळीच धुतलेला, पांढरा, त्यावर काहीही न