पाठमोरं इंजिन

अकोला, ५ फेब्रुवारी १९६१, रविवार

आज पत्र्याचं इंजिन पाटावर कायमचं ठोकायचं, असं ठरवून बसलो होतो. अमरावतीहून बडनेऱ्याला निघालेली आमच्या लग्नाची गाडी. पुठ्ठ्याचे दोन डबे झाले, दोऱ्याच्या रिळाचं धुराडंही झालं. खिळा हातात घेतला, तोच आमची ही म्हणाली, "उलटं लावून राहिले तुमी."

"कावून?"

"बडनेऱ्याले जातानी इंजिन पाठमोरं जाये. धुराडं डब्याकडं राहे."

मला हसू आलं. शाळेच्या कवितांमधली गाडी नेहमी तोंड पुढं करून धावते, आणि त्या कविता मी जन्मभर शिकवल्या. पण हिला कसं ठाऊक?

"आई म्हणे, सासरी जातानी मागं पाहू नको. म्हणून मी खिडकीतून पुढंच पाहून राहिली होती. वळणावर इंजिनाचं तोंड दिसलं, आपल्या अमरावतीकडं. मले मागं पाहाची मनाई, त्याले नव्हती."

मी तर तिच्या शेजारीच बसलो होतो. मला फक्त धूर आठवतो. खरंच, अमरावतीला इंजिन फिरवायची सोय नसेल का? मग ड्रायव्हर रूळ कसे बघत असेल, सारखी मान वळवून? उद्या स्टेशनावर कुणाला तरी विचारायला हवं.

विचारायचं ते विचारीन. खिळा मात्र आजच ठोकला, रिळाचं धुराडं डब्यांकडे करून.

मग ती कितीतरी वेळ पुठ्ठ्याच्या खिडकीला डोळा लावून बसली. काय दिसतं, म्हणून विचारलं.

"अजून मागं पाहूनच राहिलं ते," म्हणाली.