कासारकाकूनं सांगितलेली वाट

७ फेब्रुवारी १९४४, सोमवार. शिराळा.
रातभर डोळा लागला न्हाई. चिंगी रडली म्हणून न्हाई, ती गुमान झोपली. ह्यांचं पत्र आलंय. पलटण सातारला हाय, म्होरल्या मंगळवारी, पंधरा तारखेला हलणार. मंग बोट. रजा न्हाई. चिंगी सात म्हयन्यांची झाली, बापानं बघितलीच न्हाई. आन ते परत आलं न्हाईत तर... न्हाई लिवत.

मोटारी बंद, पेट्रोल न्हाई. चालतच जायाचं. सासूबाई म्हनल्या, "जा. माजं गुडघं धड असतं तर मीच पळत गेले असते."

झोप उडाली ती कोणच्या वाटंनं जाऊ म्हणून. दादानं सांगलीहून छापील पुस्तक धाडलंय. नकाशा, मैल, धर्मशाळा, समदं सडकंनं. दादा हळदीच्या अडतीत तोलणारा, छापल्यालं दिसलं की त्याला खरंच वाटतं. दुसरी वाट कासारकाकूची. ती वर्साला बांगड्यांचा माल आणाया सातारपतोर पायी जाती. तिनं आतल्या गावागावानं वाट सांगितली, कुठल्या गावात तिच्या वळखीच्या कुणा बाईकडं ऱ्हायाचं ते धरून, मी जुन्या वहीत लिवली. मी दुसरी पास. जोडाक्षराला थांबत थांबत लिवलं.

त्याच दिशी, तिन्हीसांजा.
सासूबाई म्हनल्या, "पुस्तक आन वही दोनी ने की. वझं ते किती?" वझ्याचं न्हाई. दोन असली तर दर फाट्याला हुबी ऱ्हाऊन रडंन. पुस्तकात इहीर लिवलीया, पर तिथं लेकराला पाजाया आडोसा हाय का ते न्हाई. काकूनं ते पयलं सांगितलं. पुस्तक फळीवर ठिवलं. वही कमरंला खोचली.

ता. ८, मंगळ. येणपे.
चुकलं. लय चुकलं.
वहीत हाय, येणप्यात सोनाकडं ऱ्हा. पारावर इचारलं. म्हातारा म्हनला, "सोना? आमच्या गावात न्हाई कुणी." चार घरं हिंडले, तीच बोली. दिस बुडाया आला. चिंगी रडाया लागली, मीबी.
मंग डोक्यात आलं. काकूनं ह्या पोरींना बांगड्या भरल्या त्या आमच्याकडं, वारणंकाठी, लग्नाआदी. सासरी नावं बदलल्याली. तिच्या वाटंवरची एकबी बाई त्या नावानं मिळायची न्हाई. सोनाच्या नावाम्होरं काकूनं तिचं म्हायेर, मांगलं गाव, सांगितल्यालं, तेवढं बरं.
पाणवठ्यावर गेले, मोठ्यांदा वरडले, "मांगल्याची लेक कोण हाय गं हिथं?"
एक बाई घागर तशीच टाकून पळत आली. "मी! माजी आय बरी हाय न्हवं?"
हिथं ती लक्षुमी. ताकभाकरी वाढली आन म्हनली, "मला सोना म्हन. चार वर्सांत कुणी म्हनलं न्हाई."

ता. ९, बुध. उंडाळे.
आता नाव इचारतच न्हाई. "बिळाशीची लेक कोण?" दोघी निघाल्या. पाव्हणी कुणाची म्हणून भांडण.
"तिच्याकडं जाऊ नगंस, ढेकणं हाईत."
"आन तुजी सासू डोळं वटारती, बाईचं दूध आटंल!"
एकीकडं जेवले, दुसरीकडं निजले. ढेकणं खरंच हाईत.

ता. १०, गुरु. कराड.
कोयनेचा पूल वलांडला. खाली बघितलं न्हाई, चिंगीच्या टाळूकडं बघत गेले. पायाला दोन फोड. झालं की निम्म्याच्या जवळ.

ता. ११, शुक्र. उंब्रज.
आज एकदाच सडक आडवी आली. लष्कराच्या लॉऱ्या, धुरळा. कडंला पुस्तकातली धर्मशाळा दिसली. आर्धी पडल्याली, आत कुणाची तरी म्हस बांधल्याली. लय हासले. एकटीच, मोठ्यांदा. चिंगीबी हासली.

ता. १२, शनि. अतीत.
चिंगी तापली. दोपारी हाताला चटकाच बसाया लागला. मीच आणली हिला हिथं, मीच. चरणची लेक हाय एक, तिनं पोर माज्या हातातनं घेतली, ओल्या फडक्यानं पुसत बसली. "रडतीस कशाला? पाज तिला." पाजलं. सांजच्याला घाम आला, ताप उतरला. गुऱ्हाळावरची काकवी बोटानं चाटवली तर आजून मागती बया.

ता. १३, रवि. सातारा.
पोचले! शिराळ्यापासनं सातारपतोर, पायी, लेकरू काखंत. लॉरी न्हाई, गडी सोबत न्हाई. किल्ला दिसला तवा रस्त्यातच बसले.
सागावची लेक हिथं हाय. तिचा नवरा पलटणीत सैपाकाला. त्यो म्हनला, "काल एक तुकडी गेली." कोणची ते त्याला ठावं न्हाई. उद्या सकाळी मी फाटकावर जाणार. तिथला शिपाई ह्यांचं नाव इचारंल. मी कवा घेतलं न्हाई तोंडानं. उद्या घेईन. धा डाव घेईन. असतील तर पोर हातात दीन. नसतील तर... तरी मी आले.

हिथनं दोघी बाया ह्याच वाटंनं खाली चालल्यात. वही त्यांच्याकडं दिते, म्हायेरच्या गावांची नावं नीट लिवून. वाचणारणींनो, माजं येवढं काम करा. जिथं फोन असंल तिथनं सांगलीला माज्या दादाला लावा, अडतीचा नंबर मागल्या पानावर हाय. त्यो काळजीनं धर्मशाळा धुंडीत असंल. म्हणा, सखू पोचली, चिंगी बरी हाय. पुस्तक फळीवर ऱ्हायलं ते मातर सांगू नका. ते मीच सांगन त्याला.