खडकावरचा घास

१३ सप्टेंबर, शनिवार. नोव्हा स्कॉशिया, समुद्रकाठ

सुमे, कशी आहेस? गुडघे आता दुखत नसतील. तुझ्या आईचा दमा थांबला का? आमचा दादा भेटतो का, अजून तंबाखू मळतो का? तुला जाऊन वर्ष झालं, ऑगस्टात वर्षश्राद्धही झालं, तरी वही उघडली की पहिली ओळ तुलाच जाते. सवय.

आमची खुशाली. मंजू बरी आहे, पाठ तेवढी धरली आहे. लेकीने हॅमिल्टनहून अडीच दिवस एकटीने गाडी हाणली. संदीपला सुट्टी नाही, जावईबापू घरी पिझ्झ्यावर. मंजूचा बोका पंत रस्ताभर पिंजऱ्यातून तक्रार करत आला. चिंगी ठणठणीत. अकरा वर्षांची म्हातारी कुत्री, पण समुद्र दिसला तशी तू बांधलेलं घुंगरू वाजवत अशी उधळली की पट्टाच सुटला मंजूच्या हातून. झोपताना मात्र तुझी शाल लागते. ती अंथरल्याशिवाय बूड टेकत नाही.

ही तीच सहल. गेल्या वर्षी तुझ्यासकट ठरली होती, तू दवाखान्यात गेलीस आणि राहिलं. यंदा मंजू म्हणाली, नाना, आईचं राहिलंय ते करून येऊ.

तंबू ठोकलाय, शेवटचं गाव तासभर मागे. फोनला रेंज नाही. संध्याकाळी जंगलखात्याची बाई येऊन नियम सांगून गेली. मंजूने मराठीत करून सांगितले. इथे कायोटी फिरतात. अन्नाचा कण बाहेर ठेवायचा नाही, सगळं गाडीत. कुत्रंमांजर पट्ट्याशिवाय नाही, एकटं तर नाहीच. मी मान डोलावली. कायोटी म्हणजे आपला कोल्हाच, जरा थोराड.

१४ सप्टेंबर, रविवार

मंजूचा स्टोव्ह भकभकत होता. चाळीस वर्षं कराडात स्टोव्हला पिना मारल्या, इथे काय वेगळं? जेट काढलं, सेफ्टी पिन फिरवली, निळीशार ज्योत. मंजू म्हणाली, "नाना, इथे टपरी टाका. गिऱ्हाईक म्हणून अस्वलं येतील."

दु. तिच्याबरोबर किनाऱ्यापर्यंत. गोटेच गोटे, पाय मुरगळता वाचला. चिंगी लाटेवर भुंकते आणि लाट आली की माझ्यामागे लपते. तुझ्यासारखंच.

पितृपक्ष चालू आहे. उद्या अविधवा नवमी, तुझा दिवस. ऑगस्टात बॅकयार्डात ताट ठेवलं होतं तेव्हा वडा खारीने पळवला. कावळा कुंपणावर बसून नुसता बघत राहिला, शिवला नाही. मंजू हसली, मीही हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि

असो. तुझा राग कशाचा ते मला माहीत आहे. तुला एकदा कराडला जायचं होतं. मी म्हणत राहिलो, बरी हो, मग जाऊ.

संध्याकाळी मंजू भांडी धुवायला गेली तेव्हा तंबूमागच्या सपाट खडकावर दहीभाताचा घास ठेवला. एकच. एका घासाने काय होतंय?

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

स. ६. घास गेला. खडक लख्ख. आलीस तर, सुमे.

खाली ओल्या वाळूत पंजे होते. चिंगीचेच असणार. जरा मोठे वाटले, पण ओल्यात ठसा पसरतो. दिवसभर अंगात बळ आल्यासारखं वाटत होतं. मंजू म्हणाली, नाना, आज स्वारी खुशीत. मी म्हटलं, समुद्राची हवा.

दु. ती चिंगीला घेऊन फिरायला गेली. मी थालीपीठ लावलं, लोण्याचा गोळा, दहीभात, लिंबाचं लोणचं. तुझ्या आवडीचं सगळं कागदी ताटात वाढून खडकावर ठेवलं. समोरच्या झाडावर दोन डोमकावळे. दीड तास हात जोडून उभा राहिलो. म्हटलं, कराडला जाऊन येतो. म्हटलं, तुझी निळी इरकल तुझ्या बहिणीला नेऊन देतो. म्हटलं, मंजूला जपतो. एकाने पंख झटकले, वाटलं आला. दोघेही समुद्रावर निघून गेले.

न शिवलेलं ताट उचलायचं कसं? तुला हाताला धरून उठवल्यासारखं वाटलं. झुडपाआड सरकवलं. सकाळपर्यंत येईल कोणीतरी, काल आलंच होतं की.

मंजूने विचारलं, मागे काय करताय? वारा खातोय, म्हटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

चिंगी नाही.

उजाडताना मंजू वॉशरूमला गेली. तंबूची झिप वीतभर उघडी राहिली. माझ्या पायाशी घुंगरू हललं, बाहेर पडलं, तंबूमागे गेलं. मला माहीत होतं कुठे जातंय. पडून राहिलो. म्हटलं खाऊ दे, सुमीच्या नावाचं आहे, तिच्याच लाडकीच्या पोटात जाऊ दे.

मग एकदाच ओरडली. एकदाच.

मोज्यांवरच धावलो. कोणी नाही. ताट चाटूनपुसून साफ. वाळूत पंजे. दोन प्रकारचे.

आणि मी आधी काय केलं, सुमे? ताटाची घडी घातली. खिशात टाकली. मग हाक मारली.

१७ सप्टेंबर, बुधवार

काल दिवसभर, आज दिवसभर. मंजू ताट-चमचा बडवत फिरते. त्या आवाजाला चिंगी तीन खोल्या ओलांडून यायची. आता मंजूचा घसा बसलाय, तरी बडवते.

बाई आली, सोबत आणखी एक जण. त्यांनी पंजे मोजले, फोटो काढले. बाईने मंजूला सरळ विचारलं, बाहेर अन्न होतं का? मंजू माझ्याकडे न बघता म्हणाली, "नो, नेव्हर. माय फादर इज व्हेरी केअरफुल."

बाईने कागदावर टिपून घेतलं. म्हणाली, जनावर माणसाला बुजेनासं झालंय, कुठेतरी खायला मिळत असणार. असं झालं की मग गोळी घालावी लागते. माझं इंग्रजी ओढूनताणून आहे, पण फूड कळतं. शूटही कळतं.

हात खिशात, ताटावर.

ती गेल्यावर मंजू गोट्यांवर बसली. "झिप मी उघडी ठेवली, नाना. आईचं एवढं एकच जिवंत राहिलं होतं माझ्याकडे. तेही मला सांभाळता आलं नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोष तिथेच राहू दिला. जिला जपतो म्हणून परवा कबूल केलं, तिच्याच माथी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस. आज निघायचं होतं, मंजू म्हणाली अजून एक दिवस. पंत तंबूत तुझ्या शालीवर जाऊन बसलाय. एरवी चिंगीच्या वाऱ्याला उभा राहात नव्हता. उठवला तर गुरकावला.

मंजूला चहा दिला. म्हटलं, मंजू, एक सांगू? ती म्हणाली, नाना, प्लीज, माझी समजूत नका घालू. बरं, म्हटलं. इतक्या पटकन बरं म्हटलं की माझी मलाच शरम वाटली.

२० सप्टेंबर, शनिवार. वाटेत

काल निघालो. जाताना कुठल्याशा गावात कॉफीच्या खिडकीवरच्या पोरीने चिंगीला साधा डोनटचा गोळा दिला होता, फुकट. आज दुसऱ्याच गावात मंजूने सवयीने मागितला, "अँड वन प्लेन फॉर द डॉग." गोळा हातात घेतल्यावर लक्षात आलं तिच्या. गाडी बाजूला घेतली. वायपर चालूच होते, पाऊस नसताना. गोळा कागदात गुंडाळून समोर ठेवलाय. तिनेही टाकला नाही, मीही नाही.

आज तिसऱ्यांदा बोलायला गेलो. "नाना, झोपा जरा," म्हणाली. डोळे मिटले. ढोंगी म्हातारा.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री. हॅमिल्टन

सुमे, पहाटेच पोहोचलो. सगळ्यांची खुशाली यावेळी विचारत नाही. तिकडे चिंगी आली असेल तर तूच मला सांगशील. आली नसेल, तर कुठेतरी त्या झाडीत

संदीपने चिंगीचं पाण्याचं भांडं उचलायला घेतलं, मंजूने हातातून काढून भरून परत जागेवर ठेवलं. मग खीर केली, वडे तळले, भाजीही तिनेच. विचारते, "नाना, ताट ठेवताय ना बाहेर?" म्हटलं, पाय दुखतात. तिने एकटीने ठेवलं. कावळा शिवला का ते मी पाहिलं नाही.

दुपारी जिन्यावरून ऐकलं. ती संदीपला सांगत होती, "आय किल्ड हर." त्याने काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. मी बेसमेंटमधल्या माझ्या खोलीत खाली येऊन बसलो. चोवीस पायऱ्या वाटल्या, आहेत बारा.

सुमे, तुझी रजा घेतो. पुढचं तुला नाही.

मंजू, बाळ, ही वही आजवर तुझ्या आईची होती. तोंडाने तीनदा सांगायला गेलो आणि तीनदा शेपूट घातली, म्हणून लिहून देतो. चौदा, पंधरा, सोळा तारीख वाच. कागदी ताटाची घडी तिथेच ठेवली आहे. झिप तू उघडी ठेवलीस, पण बाहेर तिला बोलावलं ते माझ्या ताटाने. आणि तिच्याआधी त्याला.

वाचून झालं की त्या बाईंना फोन लाव, माझ्यासमोर. नाना केअरफुल नव्हते म्हणून सांग. घास मी घातला, जनावराने नुसता खाल्ला. त्याला गोळी घालायच्या आधी त्यांना हे कळायला हवं. उशीर झाला नसेल तर. चिंगी कोणाला दिसली का, तेही विचार. मी विचारलं म्हणून सांग.

रागाने वर बोलवलं नाहीस तरी चालेल, जेवण खाली पाठवू नकोस एवढंच. खाली अर्धं पान कोरं सोडलंय. तुझ्या अक्षरात दोनच ओळी लिही. शिव्या असल्या तरी त्या मराठीत लिही, मला नीट कळू देत. वही जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवतो आहे.

फक्त लवकर लिही.